उसनी ऊब

आपल्या मराठींत ऊन लागतें, पाऊस पडतो, वारा सुटतो. थंडी मात्र वाजते. हा शब्दप्रयोग ज्या कोणीं प्रथम केला, त्याचे दांत त्या वेळीं एकमेकांवर वाजत असावेत! परंतु थंडीविषयींच्या आपल्या बोलण्यांत आणखीहि एक समजूत दडलेली असते. थंडी ही जणूं कोणी आगंतुक बाई आहे. ती दाराच्या फटींतून आंत शिरते, पांघरुणाखालीं हात घालते, हाडांत जाऊन बसते. पदार्थविज्ञानाचें म्हणणें नेमकें याच्या उलट आहे. थंडी नांवाची वस्तु सृष्टींत कोठेंच नाहीं. असते ती केवळ उष्णता. कोठें अधिक, कोठें उणी. थंडी घरांत येत नसते. घरांतील उष्णता बाहेर निघून जात असते.

हा भेद कोणास नैयायिकांच्या घटपटासारखा कोरडा वाटेल. परंतु याच भेदाच्या पायावर एक यंत्र उभें आहे, आणि त्या यंत्रावरून युरोपांतल्या घराघरांत, नव्हे, विधिमंडळांतहि वाद माजले आहेत. बाहेर बर्फ पडत असतां त्याच बर्फाळ हवेंतून उष्णता ओढून ती घरांत आणणारें हें यंत्र. इंग्रजींत त्यास 'हीट पंप' म्हणतात. आपण उष्णता-पंप म्हणूं. ज्याचा सारा जन्म वाङ्मय शिकविण्यांत गेला आणि ज्याच्या गांवीं घर तापविण्याची गरज पौषांतहि पडत नाहीं, अशा माझ्यासारख्या पुणेकरानें या यंत्राच्या फंदांत पडण्याचें वस्तुतः कांहींच कारण नव्हतें. कारण घडलें तें आमच्या आक्कामुळें.

आक्का ही माझी थोरली बहीण. मजहून सोळा वर्षांनीं वडील. आई लवकर गेल्यामुळें मला तिनेंच वाढविलें, असें म्हटलें तरी चालेल. यजमान निवर्तल्यावर ती उत्तर इंग्लंडांत आपल्या मुलाकडे जाऊन राहिली. भाच्याचें घर विटांचें, भिंतीस भिंत लागून असलेल्या घरांच्या रांगेंतलें, शंभराहून अधिक हिवाळे पाहिलेलें. तिकडे घर उबदार ठेवण्याची रीत बहुतेक सर्वत्र एकच आहे: गॅसवर चालणारा बॉयलर पाणी तापवितो, तें पाणी नळ्यांतून खोलीखोलींत फिरतें, आणि खिडकीखालीं बसविलेले रेडिएटर तापून खोली उबदार करतात. २०२२ सालीं रशियानें युक्रेनवर स्वारी केली आणि युरोपांत गॅसचे दर असे भडकले कीं, बिल हातीं आल्यावर सुखवस्तु माणसेंहि चिंतेंत पडलीं. त्या हिवाळ्यांत इंग्लंडांतल्या कित्येक वाचनालयांचीं दारें केवळ ऊब घेण्यासाठीं येणाऱ्यांसहि मोकळीं ठेविलीं होतीं. ग्रंथांच्या ऊबेविषयीं आम्ही प्राध्यापक मंडळी वर्गांत पुष्कळ बोलतों. पण ती इतक्या शब्दशः कोणाच्या उपयोगीं पडेल, असें कधीं वाटलें नव्हतें. भाच्याचा बॉयलर जुना झालाच होता. त्यानें तो काढून त्या जागीं उष्णता-पंप बसवून घेतला.

पहिलेच थंडीचे दिवस वाईट गेले. रेडिएटरला हात लावावा तर तो जेमतेम कोमट. खोलींतला पारा सोळा अंशांच्या वर चढेना. आक्काचा खोकला हटेना. विजेचें बिल मात्र गॅसच्या जुन्या बिलासहि मागें टाकूं लागलें. "अरे, हें यंत्र ऊब देत नाहीं, नुसतें गुरगुरतें," असें ती मला दूरध्वनीवर सांगे. एके रात्रीं तिचा आवाज निराळाच लागला. ती म्हणाली, "मला पुण्यास घेऊन चल. काय व्हायचें असेल तें आपल्या घरीं होऊं दे." पुण्यांतील तिचें घर बंद, शेजारपाजार बदललेला, आणि वय त्र्याहत्तर. तिनें एकटीनें येथें राहणें म्हणजे काय, हें तीहि जाणून होती व मीहि. दुसऱ्या दिवशीं भाच्याचा दूरध्वनी आला. "मामा, मीं हें सारें आईसाठींच केलें हो," एवढेंच तो बोलूं शकला. त्या नाताळच्या सुटींत मी तिकडे गेलों.

इंग्लंडांत दहा दिवस काढून मी पुढें नॉर्वेंत, ट्राँडहाइम येथें, माझ्या मुलीकडे गेलों. खरें कोडें पडलें तें तेथें. उत्तर इंग्लंडांत बाहेर दोन-तीन अंश होते, आणि आक्का दोन स्वेटर व एक शाल घेऊन कुडकुडत होती. ट्राँडहाइमला बाहेर शून्याखालीं बारा अंश होते, आणि माझी मुलगी घरांत साध्या सदऱ्यावर वावरत होती. तिच्याहि घरीं उष्णता-पंपच होता! आपल्याकडील वातानुकूलन यंत्रासारखी एक पांढरी पेटी भिंतीवर होती व तींतून मंद, उबदार वारा येत होता. पुढें कळलें कीं, नॉर्वे, स्वीडन व फिनलंड या तीन देशांत घरांच्या संख्येच्या मानानें या पंपांचा प्रसार युरोपांत सर्वांत मोठा आहे. जेथें थंडी सर्वांत कडक, तेथेंच हें यंत्र सर्वांत लोकप्रिय. आणि जेथें हिवाळा त्या मानानें सौम्य, त्या इंग्लंडांत मात्र 'आमच्या हवेंत हें चालावयाचें नाहीं' असें लोक सांगत असतात. हें कसें?

याचा उलगडा मला माझ्या आजोळच्या मोटेनें झाला. लहानपणीं विहिरीवर बैलांची मोट चालतांना मीं पाहिली आहे. बैल पाणी निर्माण करीत नाहींत. असलेलें पाणी ते खालून वर आणतात. विहीर उथळ असली तर दोन बैल घटकाभरांत वाफेच्या वाफे भिजवितात. खोल असली तर तेच बैल तितक्याच वेळांत दमून जातात आणि पाणीहि थोडेंच येतें. उष्णता-पंप ही अशीच एक मोट आहे. वीज हे तिचे बैल, बाहेरची हवा ही विहीर, आणि रेडिएटरमधील ऊन पाणी हें थारोळें. शेगडी किंवा विजेची तापती तार एका मापाच्या विजेंतून एक मापच उष्णता देते, कारण ती उष्णता निर्माण करावयास बसते. पंप ती निर्माण करीत नाहीं, वाहून आणतो. म्हणून एका मापाच्या विजेवर तो तीन, क्वचित् चार मापेंहि उष्णता घरांत ओततो.

आतां शून्याखालच्या हवेंत उष्णता कोठली, असें कोणी विचारील. पण शून्य अंश हें पाणी गोठण्याचें शून्य आहे, उष्णतेचें नव्हे. उष्णतेचें खरें शून्य त्याच्याहि खालीं २७३ अंशांवर आहे. त्या मापानें पाहिलें तर उणे वीस अंशांची हवा २५३ अंशांवर असते, व आपली सुखाची खोली २९३ अंशांवर. विहिरींत पाणी पुष्कळ आहे. फक्त जरा खोल आहे. तें काढण्यासाठीं पंपाच्या नळ्यांतून एक असा द्रव फिरवितात, कीं जो अत्यंत थंडींतहि उकळतो. अलीकडे यासाठीं वापरांत येऊं लागलेला प्रोपेन साध्या दाबाखालीं उणे ४२ अंशांस उकळतो. अशा द्रवाला उणे पंधरा अंशांची हवा म्हणजे वैशाखाचें ऊनच! त्या हवेची उष्णता शोषून त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. सायकलींत हवा भरतांना पंपाची नळी तापते, तशी ती दाबाखालीं तापते. आपली उष्णता घरास देऊन तिचा पुनः द्रव होतो. दाब उतरतांच तो थंड होऊन पुनः बाहेर जातो. आपल्या घरांतील शीतकपाट हेंच करीत असतें. आंतल्या दुधाची उष्णता काढून तें ती पाठीमागच्या जाळीवाटे स्वयंपाकघरांत सोडतें. शीतकपाटांत दुधाची जी जागा, ती येथें साऱ्या बाहेरच्या जगाची.

या कल्पनेचा जन्म ब्रिटनमध्येंच झाला, ही या कथेंतील मौज आहे. उष्णतेपासून काम किती मिळूं शकेल याचा मूलभूत विचार सादी कार्नो या फ्रेंच तरुणानें १८२४ सालीं एका छोट्या पुस्तकांत मांडला. त्याच सालीं जन्मलेला विल्यम टॉमसन, जो पुढें लॉर्ड केल्विन या नांवानें प्रसिद्धीस आला, त्यानें १८५२ सालीं ग्लासगो येथें असें दाखवून दिलें कीं, हेंच चक्र उलटें फिरवून बाहेरच्या थंड हवेंतून उष्णता आणून इमारती तापवितां येतील, व त्यास सरळ जाळण्यापेक्षां पुष्कळच कमी इंधन लागेल. पण ब्रिटनमध्यें दगडी कोळसा मुबलक होता, आणि ज्याच्या दाराशीं नदी वाहते तो मोट कशाला बांधील? कोळसा नसलेल्या व जलविद्युत् असलेल्या स्वित्झर्लंडनें ती बांधली. झूरिक येथील जुन्या नगरगृहांत १९३८ पासून लिम्माट नदीच्या पाण्यांतून उष्णता घेणारा पंप चालूं लागला, आणि तो साठ वर्षांहून अधिक काळ चालला. युद्धाच्या टंचाईंत, १९४५ सालीं, जॉन समनर नांवाच्या अभियंत्यानें इंग्लंडांत नॉर्विच येथें वेन्सम नदीवर तसाच पंप उभारला. पुढें उत्तर समुद्रांत गॅस सांपडला, १९६७ पासूनच्या दहा वर्षांत घरोघरच्या शेगड्या व बॉयलर त्या गॅसला अनुरूप करून घेण्यांत आले, आणि टॉमसनची कल्पना त्याच्याच देशांत अडगळींत पडली. स्वीडननें मात्र १९७३ च्या तेलटंचाईचा धडा घेतला. गरज ही शोधाची जननी असते हें खरें. पण शोधाला वाढविते तीहि गरजच.

आतां आक्काच्या घराकडे वळूं. विहिरीची खोली म्हणजे बाहेरची थंडी. पण मोटेच्या श्रमांत थारोळ्याची उंचीहि धरावी लागते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. बाहेर चार-पांच अंश असतां पाणी ३५ अंशांपर्यंत तापवावयाचें असेल तर चांगला पंप विजेच्या चौपट उष्णता देतो. तेंच पाणी ५५ अंशांवर न्यावयाचें म्हटलें कीं तो अडीचपटीवर येतो. भाच्याच्या घरांतील रेडिएटर गॅसच्या कढत पाण्यासाठीं बसविलेले, म्हणून लहान. लहान रेडिएटरांतून मोठी खोली तापवावयाची तर पाणी फार तापलें पाहिजे. त्यांतून यंत्र बसविणाऱ्या मंडळींनीं जुन्या बॉयलरप्रमाणें तें सकाळीं दोन तास व सायंकाळीं चार तास चालावें, अशी योजना करून ठेविली होती. मधल्या वेळांत विटांच्या भिंती गार पडत, आणि मग थोडक्या वेळांत सारें घर तापविण्यासाठीं बैलांस चाबूक! शिवाय इंग्लंडांत वीज एका मापामागें गॅसच्या सुमारें चौपट महाग पडते. चौपट महाग वीज घेऊन अडीचपट ऊब मिळवावयाची, हा व्यापार आंतबट्ट्याचा होणार हें सांगावयास गणिती नको.

हवेचाहि दोष होता, पण तो थंडीचा नव्हे, दमटपणाचा. शून्याच्या आसपासच्या ओल्या हवेंत बाहेरच्या पेटीवर हिम साचतें व तें वितळविण्यासाठीं पंपाला मधूनमधून उलटें चालावें लागतें. त्या वेळीं पेटींतून वाफेचे लोट निघत आणि आक्काला वाटे, यंत्रास आग लागली. नॉर्वेंतल्या कडक पण कोरड्या थंडींत हा त्रास कमी. तेथें वीज जलशक्तीची, आणि पूर्वीहि घरें बहुधा विजेवरच तापविलीं जात. म्हणून पंप आला कीं बिल उतरलें, इतका तेथला हिशोब सोपा.

आणि सर्वांत मोठा भेद म्हणजे घराच्या अंगावरचें पांघरूण. माझ्या मुलीच्या लांकडी घराच्या भिंतींत व छपराखालीं वीतभर जाडीचें उष्णतारोधक अस्तर होतें, खिडक्यांस तिहेरी कांच होती. भाच्याच्या माळ्यावर जुन्या कापसासारख्या वस्तूचा एक विरलेला थर होता, बस्स. आपल्या आज्या गोधडी शिवीत. गोधडी स्वतः ऊब देत नाहीं. आपल्याच अंगची ऊब ती जाऊं देत नाहीं. घराचेंहि असेंच आहे. आधीं गोधडी, मग मोट. गोधडीवांचून मोट चालविणें म्हणजे फुटक्या पाटांत पाणी सोडणें. आपल्या लडाखमध्यें हें सत्य फार स्पष्ट दिसतें. लेह सुमारें ३,५०० मीटर उंचीवर. हिवाळ्यांत पारा उणे पंधराच्याहि खालीं उतरतो, हवा विरळ असते. पण ऊन मुबलक. जाड मातीच्या भिंती व दक्षिणेकडे कांचा असें घर बांधलें तर दिवसाचें ऊनच रात्रीं पुरवून वापरतां येतें. अशीं घरें तेथें बांधलींहि गेलीं आहेत. अशा घरांत मोटेला कामच थोडें उरतें. सारांश, 'या हवेंत हें यंत्र चालेल काय?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'या हवेंतल्या कशा घरांत, कोणत्या दरानें, कोणाच्या देखरेखीखालीं?' असें विचारलें पाहिजे. २०२३ सालीं जर्मनींत घरें तापविण्याच्या नव्या कायद्यावरून एवढें रण माजलें, त्यांत यंत्रावरील रोषापेक्षां घर दुरुस्त करण्याच्या खर्चाची धास्तीच मोठी होती, असें मला वाटतें. आणि ती धास्ती खोटी नव्हे. गोधडी फुकट मिळत नाहीं. ज्यास तिची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच गांठीं पैसा सर्वांत कमी असतो.

भाच्यानें २०२३ च्या उन्हाळ्यांत माळ्यावर जाड अस्तर घातलें, फटी बुजविल्या, आईच्या खोलींतला व बैठकीच्या खोलींतला रेडिएटर मोठा करून घेतला, आणि एका जाणत्या कारागिराकडून पाण्याचें तापमान चाळीसच्या आंत बांधून यंत्र अहोरात्र संथपणें चालेल असें करविलें. पुढच्या हिवाळ्यांत घर वीस अंशांवर स्थिर राहिलें. बिल गॅसच्या बरोबरीस आलें. कमी नाहीं, पण अधिकहि नाहीं. आक्काचा खोकला गेला. पुण्यास नेण्याची गोष्ट तिनें पुनः काढली नाहीं.

इकडे परत आल्यावर मी आमच्या गल्लींतील पेट्यांकडे निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों. चैत्र-वैशाखांत प्रत्येक भिंतीवर एक पेटी घुमत असते. तीहि उष्णता-पंपच, फक्त मोटेची दिशा उलटी. आपण आंत गारव्यांत बसतों आणि घरांतील उष्णता, तिच्यांत विजेच्या श्रमाची भर पडून, बाहेर उभ्या असलेल्या भाजीवालीच्या व इस्त्रीवाल्याच्या अंगावर जाते. ट्राँडहाइमच्या पेटीनें बाहेरचें अंगण किंचित् अधिक गार होत असेल. तें बर्फास कळतहि नसेल. उसनवारी वाईट नव्हे. पण ती कोणाकडून केली व तिचा भार कोणावर पडला, हें पाहिल्यावांचून तिचें मोल ठरत नाहीं. एकच यंत्र एका हवेंत काटकसर ठरतें आणि दुसऱ्या हवेंत शेजारधर्माची परीक्षा पाहतें.

आक्काची एक तक्रार मात्र उरली आहे, आणि तिजवर कारागिरापाशीं उपाय नाहीं. ती म्हणते, "घर उबदार आहे रे, पण शेकायला बसूं कोठें?" चुलीला, शेगडीला, निदान कढत रेडिएटरला एक जागा असे, हात पुढें करावे, चार माणसांनीं भोंवतीं यावें, बोलावें. या नव्या ऊबेला जागाच नाहीं; ती सर्वत्र सारखी, कोमट, अदृश्य. मला वाटतें, हें गाऱ्हाणें शास्त्राच्या कक्षेंतलें नसलें तरी खोटें नव्हे. अग्नीनें माणसाला केवळ ऊब दिली नाहीं. एकत्र बसण्याचें निमित्तहि दिलें. तें निमित्त यंत्रानें नेलें असेल, तर दुसरें आपण शोधावयास हवें. आक्कानें तें शोधलेलें दिसतें. हल्लीं सायंकाळीं ती पोळ्या करावयास घेते, भाचा व सूनबाई कामावरून येतात, नातवंडें येतात, आणि तव्याभोंवतीं ओट्याशीं सारीं उभीं राहतात. वस्तुतः घरांत कोठेंहि बसलें तरी ऊब तितकीच असते.